कुडव्याहून सकाळी निघून

गोंदियाला उतरणारे बहुतेक प्रवासी गोंदिया पाहायला आलेले नसतात. मुंबई-हावडा मार्गावरचं हे मोठं जंक्शन. कुणाला इथून बालाघाटकडे जायचं असतं, कुणाला चांदाफोर्टकडे, कुणाला नुसती गाडी बदलायची असते. चहा घ्यायचा, पाण्याची बाटली भरायची आणि पुढे निघायचं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा त्यामुळे रेल्वेच्या वेळापत्रकात ठळक आणि प्रवासवर्णनांत पुसट राहिला. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त कुडव्याला स्थिरावला, म्हणून मी स्टेशनाच्या बाहेर पडलो.

कुडवा गोंदिया शहराला इतकं चिकटलेलं आहे की शहर कुठे संपलं हे नवख्याला कळत नाही. दुकानं, प्लॉट पाडलेले लेआउट, मध्येच एखादी राइस मिल आणि मग अचानक धानाची बांधी. इथे भाताला भात म्हणतात ते शिजल्यावर. शेतात असतो तो धान. गल्लीत हिंदी ऐकू येते, घरात पोवारी, कचेरीत मराठी, आणि दक्षिणेला सरकलं की झाडीबोली. मध्य प्रदेश एका बाजूला, छत्तीसगड दुसऱ्या बाजूला. मुक्काम एकाच ठिकाणी ठेवून रोज सकाळी एका दिशेला निघावं आणि रात्री जेवायला घरी यावं, यासाठी ही जागा फार सोयीची.

एसटी आहे, रेल्वेही आहे. पण एका दिवसात तलाव, देऊळ आणि जंगल यांची सांगड बसच्या वेळांवर बसत नाही. तेव्हा भाड्याची गाडी. इथे गाडीबरोबर चालवणारा येतो, आणि खरा फायदा त्यातच आहे. हिशेब साधा: किलोमीटरमागे दर, दिवसाला किमान अंतर, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. आतेभावाने ठरवून दिलेले बोलेरोवाले भाऊ पोवार समाजातले, घरची धानाची शेती असलेले. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, “तुमाले वाघ पाहाचा हाय का तलाव?” तलाव म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा खुलला.

दक्षिणेची वाट गोरेगाववरून जाते. गोरेगाव मागे पडलं की मुरदोलीचं जंगल रस्त्याच्या दोन्ही अंगांना येतं. नागझिरा अभयारण्याकडून ये-जा करणारी जनावरं हा रस्ता ओलांडतात, म्हणून भाऊ इथे वेग कमी करतात आणि हॉर्न वाजवत नाहीत. पुढे कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्ग आडवा येतो. तिथल्या टपरीवर तर्री-पोहे खाऊन घ्यावेत, कारण नंतर नवेगावबांधपर्यंत पोटाची सोय बेताचीच. कुडव्यापासून अंतर सुमारे ६५ किलोमीटर.

नवेगावबांधला बहुतेक गाड्या थेट राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी थांबतात. आम्ही आधी तलावाच्या पाळीवर गेलो. समोर जवळजवळ ११ चौरस किलोमीटरचं पाणी, त्याला वेढा घालून असलेल्या टेकड्या, आणि हे सगळं माणसांनी अडवलेलं आहे हे पाहूनही पटत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, अशी परंपरा सांगते. भोवतालच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. पाळ टिकत नव्हती, तेव्हा या बहिणींनी हात दिला अशी कथा आहे. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले, आणि त्यांचं ठाणं तलावाच्या काठी आहे. सिंचनाची कामं करणाऱ्या माणसाला देवपण मिळाल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. ज्याने पाणी दिलं त्याला नारळ, हा या मुलखाचा न्याय मला आवडला.

कोलू पाटलांच्या या कोहळी समाजाची हकीगत ऐकण्यासारखी आहे. चांद्याचा गोंड राजा काशीला गेला, तिथे त्याने ऊस पिकवणारी, पाणी फिरवणारी माणसं पाहिली आणि त्यांना आपल्या मुलखात वस्तीला बोलावलं, असं ही मंडळी सांगत आली आहेत. ब्रिटिश अधिकारी रसेल यांनी ही आख्यायिका नोंदवून ठेवली. ती शब्दशः खरी मानायचं कारण नाही, पण तिच्या मागचा व्यवहार खरा वाटतो. गोंड राजवटीत जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे. राजाने खजिना रिकामा करायची गरज नव्हती; जमीन त्याच्याकडे होतीच, पाणी नव्हतं. नवेगाव, सिवनी, सिरेगाव इथले मोठे बांध कोहळ्यांनी उभे केले, आणि लहान तलाव-बोड्यांची तर गणतीच नाही. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात तो त्यामुळे.

पाळीवर उभं राहिलं की या कामातली अक्कल दिसू लागते. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, तिथेच माती टाकायची, म्हणजे कमी लांबीच्या पाळीमागे जास्त पाणी राहतं. जादा पाण्यासाठी सांडवा. शेताकडे पाणी सोडायला पाळीच्या पोटातून काढलेली वाट, तिला इथे तुडूम म्हणतात. वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या गावाच्या तलावात जाईल अशी योजना ठिकठिकाणी आहे. पातळी मोजायचं यंत्र नव्हतं, नकाशा नव्हता. पहिल्या पावसात पाणी कसं वाहतं ते पाहत राहायचं, एवढंच त्यांचं मोजमाप असावं. भाऊंचं म्हणणं थोडक्यात होतं. “रोवणी झाली आन् पाऊस गेला, तं पाटाचं एक पाणी भेटलं पायजे. तेवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.” मोठ्या धरणांवरच्या परिसंवादात मी जे ऐकलं त्यात इतका नेमका हेतू क्वचितच कुणी सांगितला.

भोसल्यांच्या काळात आणि १८५३ नंतर इंग्रजांच्या काळात गावचे पाटील मालगुजार, म्हणजे सारा भरणारे जमीनदार, झाले. तलाव त्यांच्या मालकीचा, पण गावाचा निस्तार, म्हणजे गुरांचं पाणी, मासळी, शेताचा पाट, हे हक्क नोंदलेले. मालगुजारी सोन्याची होती असं कुणी समजू नये. वेठ होती, धाक होता. मात्र पाळ फुटली तर मालगुजाराचं स्वतःचंही पीक बुडत असे, म्हणून दुरुस्ती होत होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या १९५०च्या कायद्याने ही पद्धत गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक म्हणतात मामा तलाव. सरकारी भाच्यांनी मामाकडे फारसं लक्ष दिलं नाही. गाळ साचला, काठावर बेशरम माजलं, काही तलावांच्या पोटात शेती आली. अलीकडे अर्जुनी मोरगाव भागात धीवर समाजातल्या बाया-माणसांनी काही तलावांतलं बेशरम काढून माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. तलावाचं ज्ञान शाबूत आहे ते यांच्याकडे आणि शिंगाडे लावणाऱ्यांकडे.

नवेगावचं नाव उरलेल्या महाराष्ट्रात पोचलं ते मारुती चितमपल्लींमुळे. सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी इथे नोकरीला आला आणि इथली झाडं, पाखरं, माणसं त्यांच्या लेखनात कायमची राहिली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक तर या तलावाचंच. गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सोबतीत त्यांना जंगलाचं जे शिक्षण मिळालं, त्याचा ऋणनिर्देश त्यांनी वारंवार केला आहे. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. २०१३च्या डिसेंबरात नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. हिवाळ्यात पट्टकादंब हिमालय ओलांडून या पाण्यावर उतरतात ते पाहताना, तीनशे वर्षांपूर्वी धानासाठी केलेल्या कामावर हे पक्षी आणि आपलं साहित्य दोन्ही पोसले गेले, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्याच दिवशी पुढे इटियाडोह आणि प्रतापगड होऊ शकतं. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण १९७०चं. आकाराने ते नवेगावला सहज मागे टाकतं, पण मन तिथे रमत नाही. मोठी धरणं कुठेही सारखीच. प्रतापगडच्या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गाही, आणि महाशिवरात्रीला दोन्हीकडे गर्दी असते. जवळच गोठणगावला १९७२ साली वसवलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत लागते. धानाच्या बांध्यांमध्ये अचानक बौद्ध मठ आणि फडफडणाऱ्या पताका. काशीहून आलेले कोहळी, माळव्यातून आल्याचं सांगणारे पोवार आणि ल्हासाकडून आलेले हे लोक; या मुलखाने येणाऱ्याला जमीन देण्याची जुनी सवय सोडलेली नाही.

पूर्वेची वाट वेगळ्या स्वभावाची. आमगाव साधारण २५ किलोमीटरवर, आणि त्याला लागून पदमपूर. भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत आपलं कूळ विदर्भातल्या पद्मपूरचं असल्याचं सांगितलं आहे. ते पद्मपूर म्हणजे हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. दुर्ग भागात सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटातही पद्मपुराचा उल्लेख आहे, तोही त्यांनी इथेच जोडला. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे. गावात जुन्या शिल्पांचे अवशेष पाहायला मिळतात, बाकी एखाद्या साध्या खेड्यासारखं खेडं. ‘उत्तररामचरिता’तलं दंडकारण्य ज्याने वाचलं आहे त्याला इथून सालेकशाकडची दाट झाडी दिसू लागली की मिराशींच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो. अर्थात झाडी हा पुरावा नव्हे.

सालेकशापुढे रस्ता आणि रेल्वे एकमेकांना चुकवत डोंगरात शिरतात. छत्तीसगडचं धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८०च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत पोचली, तेव्हा ती मीटर गेज होती. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली, रुंद केली आणि हावड्याकडे नेली. गोंदियाचं नशीब त्या रुळांनी लिहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी नैनपूर-जबलपूरकडे अरुंद गेजची गाडीही इथूनच सुटू लागली, आणि सातपुड्याचं लाकूड, लाख, डिंक या बाजारात उतरू लागलं. दरेकशाच्या घाटात बोगदा आहे आणि त्याच्या अलीकडे हाजरा फॉल. पावसाळ्यात हा धबधबा आगगाडीतूनही दिसतो. जवळच्या गावातले तरुण-तरुणी तिथली व्यवस्था पाहतात, आणि ती चोख आहे.

याच डोंगरात धनेगावजवळ कचारगडची गुहा आहे. गाडी पायथ्याशी ठेवून जंगलातून चढावं लागतं. गोंड समाजाची कथा अशी की कली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती. जंगो रायताडने त्यांचा सांभाळ केला, आणि संगीतकार हिरासुका पाटालीरने तोंडावरची शिळा ढकलून त्यांना सोडवलं. त्या शिळेखाली त्याचा जीव गेला. पुढे पहांदी पारी कुपार लिंगोने या मुलांना शिकवलं आणि कोया पुनेम या गोंडी धर्माची घडी बसवली. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांच्या सोबत्यांनी लोकगीतांचा माग काढत ही जागा गाठली आणि माघ पौर्णिमेची यात्रा सुरू केली. मूठभर माणसांनी आरंभलेल्या यात्रेला आता अनेक राज्यांतून लाखो लोक येतात. ज्यांच्या राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या वंशजांना आपलं तीर्थ नव्याने शोधावं लागलं, हे मात्र मनाला लागतं. हा भाग बरीच वर्षं वर्तमानपत्रांत ‘दरेकसा दलम’ या नक्षलवादी गटाच्या बातम्यांपुरताच उरला होता, आणि त्याचीही किंमत इथल्याच गावांनी मोजली. भाऊ अजूनही दिवस मावळायच्या आत घाट उतरायचा आग्रह धरतात. तो मोडू नये.

उत्तरेला अर्धा दिवस पुरतो. बालाघाट रस्त्यावर नागऱ्याचं जुनं शिवमंदिर, आणि मग वैनगंगा-बाघ नद्यांकडच्या शेतांत सारस. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच कोपऱ्यात, आणि तो राखीव जंगलात राहत नाही, धानाच्या बांधीत घरटं करतो. माणसाच्या उंचीचा पक्षी उभ्या पिकात अंडी घालतो, तेव्हा तेवढा तुकडा शेतकऱ्याला सोडावा लागतो. पक्षीमित्र संस्था आणि शेतकरी मिळून हे सांभाळतात. पक्षी दिसला तर गाडी लांबच थांबवा, बांधावर चढू नका.

वाघासाठी नागझिरा आहे, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मी त्यात भर घालत नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. हाजरा फॉल पावसाळ्यात पाहावा, नवेगावचे पाहुणे पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कचारगडची यात्रा माघात, तेव्हा एका फेरीत सगळं साधत नाही. गाडी ठरवताना ड्रायव्हर जवळच्या गावचा आणि शेती करणारा असेल असं पाहा. रस्त्यापेक्षा शेताची माहिती जास्त कामाला येते. आणि एकच दिवस हाती असेल तर हिवाळ्यात, पहाटे सहाला निघून, नवेगावबांधलाच जा.