आगाशीचे जिनालय आणि ‘जिन’ या शब्दाची नाती

विरार स्थानकाच्या पश्चिमेस उतरून अर्नाळ्याची बस धरली की थोड्याच वेळात आगाशी येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या, केळीची बने, आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेल्या सुकेळ्यांची या भागाची जुनी ख्याती. भवानीशंकराचे देऊळ, जवळच नंदाखालचे चर्च आणि मुनिसुव्रतस्वामींचे देरासर ही श्रद्धास्थाने या लहानशा परिसरात शेजाऱ्यांसारखी नांदत आहेत. मुनिसुव्रतस्वामी हे विसावे तीर्थंकर. त्यांचे लांछन कासव. दर्शनाला येणारे यात्रेकरू मुंबईहून सकाळी निघतात आणि सायंकाळी सुकेळ्यांचा पुडा घेऊन घरी परततात.

अशा यात्रेत नातवंडे बरोबर असली की एक प्रश्न हमखास येतो. “आजोबा, हे जिनालय म्हणजे अल्लादीनच्या दिव्यातल्या जिनचे घर का?” आपण हसतो आणि पुढे चालू लागतो. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर घरातून मिळाले नाही, तर ते मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून मिळते. आणि ते संदेश बिनदिक्कत सांगतात की जगातील झाडून सारे ‘जिन’ आपल्याच शब्दातून निघाले. धर्माभिमानाला असे वाचून गुदगुल्या होतात. सत्यव्रताला मात्र ते मानवत नाही.

आपला ‘जिन’ शब्द संस्कृत ‘जि’ या धातूपासून आला. जि म्हणजे जिंकणे; ‘जय’ आणि ‘विजय’ हे त्याच घरातले. ज्याने राग, द्वेष आणि कषाय जिंकले तो जिन, आणि त्याचा अनुयायी तो जैन. प्राकृतात हाच शब्द ‘जिण’ असा येतो. बौद्ध वाङ्मयात बुद्धांनाही ‘जिन’ म्हटले आहे.

दिव्यातला जिन अरबी आहे. अरबी भाषेचे कूळ संस्कृतहून सर्वस्वी निराळे. हिब्रू ही तिची बहीण. अरबीत ज-न-न या मूळ व्यंजनांचा अर्थ झाकणे, दृष्टीआड करणे. जो डोळ्यांना दिसत नाही तो जिन. झाडांच्या सावलीने झाकलेली बाग ती जन्नत. ज्याची बुद्धी झाकोळली तो मजनून, म्हणजे आपल्या ओळखीचा मजनू. आणि त्याच्या डोक्यात शिरलेला तो जुनून.

फारसीतून मराठीत आलेले ‘जीन’ म्हणजे घोड्याचे खोगीर. ते शिवणारा तो जीनगर. ‘जिना’ हाही फारसीचाच. गुजरातीत ‘अगाशी’ म्हणजे गच्ची, आणि गच्चीवर जायला जिना हवाच. म्हणून कोणी आगाशी, जिना आणि जिनालय यांची सांगड घातली तर ऐकायला गोड वाटेल, पण ती केवळ कोटी होय.

विदर्भातील बँकेच्या शाखेत असताना जिनिंग-प्रेसिंगच्या कर्जांची प्रकरणे माझ्या टेबलावरून नित्य जात. कापसातून सरकी वेगळी करणारे ते ‘जिन’ म्हणजे इंग्रजी ‘एंजिन’चे आखूड रूप. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली केलेल्या यंत्रामुळे ते जगभर प्रसिद्ध झाले. जिन नावाच्या मद्याचे नाव जुनिपर या झुडपाच्या फळावरून, डच भाषेमार्गे आले. जीन्सच्या विजारीचे नाव इटलीतील जिनोआ शहरावरून पडले. चिनी भाषेत ‘जिन’ म्हणजे सोने, तर जपानीत ‘जिन’ म्हणजे माणूस. एकच उच्चार, आणि इतकी कुळे!

याहून नवल पुढेच आहे. शरीरातील आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या ‘जीन’ला ते नाव डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ साली दिले. ते ग्रीक भाषेतील ‘उत्पत्ती’च्या मुळातून आले, आणि ते मूळ आपल्या ‘जन्म’, ‘जनक’ या शब्दांचे दूरचे सगोत्र आहे. ‘एंजिन’ही लॅटिनमधून त्याच गोत्रात पोहोचते. म्हणजे सरकी काढणारे यंत्र ‘जन्म’ या शब्दाच्या नात्यातले ठरते, आणि उच्चाराने जुळणारा आपला ‘जिन’ मात्र त्या नात्यात नाही. कानाला जे सख्खे वाटते ते परके निघते, आणि जे परके वाटते ते सख्खे.

बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार असणे ही नित्याची गोष्ट. नाव जुळले म्हणून एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही; सही, पत्ता, वडिलांचे नाव ताडून पाहावे लागते. शब्दाच्या बाबतीत धातू हे वडिलांचे नाव, आणि ज्या वाटेने तो शब्द आला ती वाट हा त्याचा पत्ता.

नावाच्या नादाने विद्वानही भुलतात, याचे उदाहरण आगाशीपासून हाकेच्या अंतरावर आहे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. बायबलमधील सॉलोमन राजाकडे ज्या ओफीरहून सोने येई, ते ओफीर म्हणजे सोपाराच, असे काही अभ्यासकांनी नामसाधर्म्यावरून मांडले. इतरांनी तेच ओफीर अरबस्तानात, तर कोणी पूर्व आफ्रिकेत नेऊन ठेवले. सोपाऱ्याचे मोठेपण त्याच्या भूमीतून निघालेल्या शिलांवर उभे आहे. त्यासाठी ओफीरच्या सोन्याची गरज नाही.

शब्दाचा अर्थ पारखून घेण्याची रीत आपल्या परंपरेला नवी नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे चार निक्षेप सांगितले आहेत. एखाद्या मुलाचे नाव जिनेंद्र ठेवले तर तो नामाने जिन. आगाशीच्या गाभाऱ्यातील मूर्ती स्थापनेने जिन. जो जीव पुढे जिन होणार आहे तो द्रव्याने जिन. आणि ज्याने प्रत्यक्ष कषाय जिंकले आहेत तो भावाने जिन. एकाच शब्दाच्या एकाच भाषेतील अर्थांबाबत आपले आचार्य इतके दक्ष होते; मग दहा भाषांतील दहा शब्द आपण एकाच माळेत कसे ओवावेत?

तेव्हा, वाचकहो, नातवाला सरळ सांगावे : “बाळा, दोघांचे नाव सारखे वाटते, पण दोघांचे घर वेगळे. तो जिन गोष्टीतला. दिव्याचा मालक सांगेल ते तो करतो. आपले जिन मात्र स्वतःवर विजय मिळवणारे. त्यांचा कोणी मालक नाही.” मूल एवढे सहज समजते. आणि पुढच्या वेळी ‘जय जिनेंद्र’ म्हणताना आपण काय म्हणतो, हेही त्याला ठाऊक असते.