माळावरची एक जानेवारी

कुर्डुवाडी बहुतेक लोकांनी अर्धवट झोपेत पाहिलेली असते. रात्री कधीतरी गाडी थांबते, चहावाल्याचा आवाज येतो, तुम्ही कूस बदलता आणि गाडी सुटते. इथून एक फाटा पंढरपूर-मिरजेकडे जातो, दुसरा बार्शी-लातूरकडे. 1897 साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरची ‘बार्शी लाइट’ धावू लागली, तेव्हा या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. म्हणजे गावाची ओळखच मुळी ‘दुसरीकडे जायची जागा’ अशी.

थर्टीफर्स्टलाही तेच होतं. ज्याला जमतं तो पुण्याला किंवा गोव्याला जातो. उरलेले ढाब्यावर, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर. एक तारखेला सकाळी अख्खं गाव उशिरा उठतं आणि सगळ्यांच्या स्टेटसला तेच फटाके दिसतात.

माझी एक मैत्रीण बॉस्टनजवळ राहते. दर एक जानेवारीला तिचा फोटो येतो: कानटोपी, मफलर, बर्फातली पायवाट, आणि पुढे वनखात्याच्या गणवेशातला एक वाटाड्या. ‘फर्स्ट डे हाइक’ म्हणतात त्याला. 1992 साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्लू हिल्स नावाच्या राखीव जंगलात हा प्रकार सुरू झाला आणि 2012पासून अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतल्या उद्यानांत पसरला. कल्पना साधी आहे. वर्षाचा पहिला दिवस, सोबत जाणकार माणूस, आणि आपल्याच भागातली एखादी वाट.

आपल्याकडे हे सह्याद्रीवाल्यांना जमतं. त्यांच्याकडे किल्ले आहेत, घाट आहेत. आमच्याकडे काय? आमच्याकडे माळ आहे. नजर जाईल तिथपर्यंत सपाट, पिवळा, आणि सरकारी नकाशांत बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेला.

म्हणून गेल्या वर्षी मी घरी जाहीर केलं, की एक तारखेला आपण नान्नजला जायचं. माळढोक अभयारण्यात.

अप्पांनी पेपर खाली ठेवला. “त्या पाखराचं नाव नको काढूस घरात,” एवढंच म्हणाले.

याला कारण होतं. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, त्याचं क्षेत्रफळ होतं 8,496 चौरस किलोमीटर. दोन गोवे त्यात मावले असते आणि वर जागा उरली असती. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात आले: उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा आणि आमचा माढा. शेतं, गावं, रस्ते, सगळंच अभयारण्य. आणि अभयारण्यातल्या जमिनीवर वारसाहक्काशिवाय नवा हक्क मिळत नाही, असा कायदा.

आत्याचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांना दोन एकर रान विकायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं, विसार ठरला, आणि खरेदीखत अडलं. आजोबांनी बऱ्याच चकरा मारल्या, प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळालं. शेवटी व्याजाने पैसे काढले. ते फेडता फेडता अप्पांचं शिक्षण बारावीवर थांबलं. “आपल्या रानात ते पाखरू एकदाबी उतरलं नाही,” अप्पा म्हणतात, “पण आपल्या मानगुटीवर तीस वर्षं बसलं.” पुढे 2012च्या सुमारास हद्द कमी झाली, अभयारण्य साधारण 1,200 चौरस किलोमीटरवर आलं आणि आमचं रान सुटलं. अप्पांचा राग मात्र सुटला नाही.

तरीही एक तारखेला पहाटे साडेचारला गाडीची चावी त्यांच्याच हातात होती. “धुक्यात तुला चालवायला नको. मी गाडीतच बसंन, तुम्ही काय ते हिंडा.”

मी, चुलतभाऊ आणि अप्पा. बार्शी, वैराग, वडाळा असं करत ऐंशी-नव्वद किलोमीटर. उजाडता उजाडता नान्नजला पोहोचलो. सोलापूरहून कॉलेजची तीन पोरं आली होती. वाट दाखवायला जे मामा होते, ते तिथल्याच एका गावचे, आयुष्य या माळावर गेलेले. त्यांनी आधी नियम सांगितले: फोन सायलेंट, गाणी नाहीत, एकामागे एक चालायचं, मी हात वर केला की जागेवर थांबायचं. मग अप्पांकडे बघून म्हणाले, “दादा, थंडीचं गाडीत बसून काय करताय? चला की.” पाव्हण्याला असं म्हटल्यावर आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. अप्पा उतरले.

माळावर चालणं ट्रेकसारखं नसतं. दम लागत नाही, चढ नाही, ‘टॉप’ला पोहोचल्याचा आनंदही नाही. पहिली वीस मिनिटं काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात. आधी वाटलं ते दगड आहेत, ती काळविटं निघाली. पंचवीस-तीस माद्या आणि त्यांच्यात एकच काळाभोर नर, मान मागे टाकून मिरवत चाललेला. मामांनी लेंड्यांचा एक मोठा थर दाखवला. नर पुन्हा पुन्हा एकाच जागी टाकतो, ही त्याची हद्द. “सात-बाराच म्हणा की,” मामा म्हणाले, आणि अप्पा पहिल्यांदा हसले.

गवतावरून एक राखाडी पक्षी अगदी खालून, पंख फारसे न हलवता तरंगत गेला. भोवत्या. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हे पक्षी हिवाळ्यात इथे येतात आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात. कझाकस्तानातून उडत आलेल्याला नान्नजचं गवत घरासारखं वाटतं. आपण मात्र त्याला पडीक म्हणतो.

पुढे एका ओघळीपाशी मामांनी हात वर केला आणि आम्हाला वळसा घालून नेलं. तिकडे लांडगिणीचं बीळ होतं, आणि हे दिवस पिल्लांचे. “माणूस दिसलं की ती पिल्लं उचलून दुसरीकडं नेती. थंडीत मरत्यात.” वाटाड्या कशासाठी लागतो, ते मला तिथे समजलं. काय बघायचं हे तर तो सांगतोच, कुठे जायचं नाही हेही तोच सांगतो.

सोलापूरच्या एका पोराने विचारलं, “मामा, एवढी मोकळी जागा आहे, इथे झाडं का लावत नाहीत?”

“लावली की. ग्लिरिसिडिया लावला हुता. झाड वाढलं की माळढोक तिथनं उठतो. त्याला लांबवर दिसाय पाहिजे.”

मग त्यांनी चालता चालता माळढोक समजावून सांगितला. नराचं वजन बारा-पंधरा किलोपर्यंत, उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्याने खाल्लं, गुरांच्या पायाखाली आलं, की ते वर्ष वाया. डोळे बाजूला असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकतो. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचं नाव सुचवलं होतं. 1963 साली मान मिळाला मोराला. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आत आहेत, बहुतेक राजस्थानात. जैसलमेरजवळ अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालतं. नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

अप्पा मध्येच थांबले होते. वाकून त्यांनी गवताचं एक ताट बोटांत धरलं. “हा पवन्या,” ते मला म्हणाले. “ती कुसळी. आन तो मारवेल. म्हस याच्यावर कशी तुटून पडायची!” पुढचा अर्धा तास आमचे वाटाडे दोन झाले. कुठलं गवत दुधाला चांगलं, कुठलं छपराला, कुठल्या गवताचं कुसळ मेंढीच्या अंगात शिरतं. हे सगळं त्यांना येतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, कारण घराजवळ ते दाखवायला गवतच उरलेलं नाही.

“तुमच्याकडं हाय का अजून पवन्या?” मामांनी विचारलं.

“कुठला? उजनीचं पाणी आलं, ऊस आला. आता बांधाला बी नाही.” थोडं थांबून अप्पांनी मनातलं बोलून टाकलं. “ह्या पाखरापायी आमची जमीन अडली हुती, मामा. बहिणीचं लग्न कर्जावर केलं.”

मला वाटलं, आता मामा माळढोकाची बाजू घेणार.

“माझी अजून अडलेलीच हाय,” ते म्हणाले. “आम्ही आतच राहिलो की. पण पाखरावर राग धरून काय करू? नकाशा काय त्यानं काढला हुता?”

अप्पा काही बोलले नाहीत. निरीक्षण मनोऱ्यावर आम्ही तासभर बसलो. माळढोक दिसला नाही, दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. पण दुर्बीण सगळ्यांत जास्त वेळ अप्पांकडेच होती.

त्या तासात मी हिशेब मांडत होते. एवढं मोठं अभयारण्य कागदावर काढलं, त्यात माणसं अडकली आणि पक्षीही वाचला नाही. माणसांना वाटलं पक्ष्यामुळे नुकसान झालं, आणि जो पक्षी गावकऱ्यांचा लाडका व्हायला हवा होता तो शिवी झाला. गवत दोघांचंही होतं. ते जाताना मात्र कुणी मोजलं नाही.

नववर्षाच्या फेरीने हे बदलणार नाही, मला माहीत आहे. पण मामांसारख्या माणसाला त्याच्या ज्ञानाचे पैसे मिळतात. भिगवणकडे उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे लोक रोहित दाखवायला नावा नेतात, तसंच. तुमच्या जवळपासही असं काही असेल. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटं आहेत, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा, इंदापूरजवळ कडबनवाडीचा माळ आहे. आधी चौकशी करा, स्थानिक वाटाड्या घ्या, आणि तो नको म्हणेल तिथे जाऊ नका.

निघताना अप्पांनी मामांना हळूच विचारलं, पवन्याचं मूठभर बी मिळेल का. मामांनी सरळ नाही सांगितलं. “इथनं काडीबी न्यायची नाही, दादा.” वैरागला चहा पिताना अप्पा चुलतभावाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा नंबर शोधायला सांगत होते, तिथे चाऱ्याच्या गवतांवर काम चालतं म्हणून. आमच्या रानात एक मुरमाड तुकडा आहे, जिथे ऊसही येत नाही. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर तिथे काहीतरी उगवेल.