हवा सोडायचा वाल

जुन्या बुलेटच्या डाव्या मुठीजवळ क्लचच्या दांडीशेजारी आणखी एक बारकी दांडी असते. आमच्या बाभुळगावात अजून काही जुन्या बुलेटी फिरतात, पण त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची ही दांडी नुसती नावाला उरली आहे. केबल तोडलेली असते आणि हेडमधल्या भोकात बोल्ट मारून दिलेला असतो. पोरांना विचारलं, ‘कायची दांडी हाय रे हे?’ तर म्हणतात, ‘मालूम नाही बुवा, गाडी घेतली तवापासून अशीच हाय.’

तिला डिकंप्रेशर म्हणतात. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण हे यंत्र मला पुस्तकानं नाही, गरजेनं शिकवलं.

जुनी बुलेट ३५० म्हणजे एकच सिलिंडर. पिस्टन ७० मिलिमीटर रुंद, त्याची चाल ९० मिलिमीटर, सगळं मिळून ३४६ सीसी. एवढ्या पोटातली हवा आणि पेट्रोल पिस्टन वर जाताना साडेसहा-सात पट दाबतो. ते दाबणं आपल्या पायाला करावं लागतं, म्हणून किकवर उभं राहिलं तरी किक खाली जात नाही. डिकंप्रेशर म्हणजे हेडमध्ये बसवलेला एक लहानसा वाल. दांडी ओढली की तो उघडतो, दाबलेली हवा फुस्स करून सायलेन्सरच्या वाटेनं निघून जाते आणि पिस्टन सहज पुढं सरकतो. दांडी सोडली की स्प्रिंग त्याला परत बंद करते.

डिझेल इंजनात हाच दाब सोळा-सतरा पट असतो. तिथं हवा सोडायची सोय नसली तर भल्याभल्यांच्या हातानं हँडल फिरत नाही. आणि ही सोय मोडली तर काय होतं, ते मी आमच्या वावरात पाहिलं आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर बाबांनी विहीर खोल केली आणि कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजन आणलं. तेव्हा मी शाळेत होतो. इंजनाच्या डोक्यावर वाल उचलून धरायची दांडी होती. ती वर करायची, हँडल घालून चाक जोरात फिरवायचं, चाकानं वेग धरला की दांडी खाली पाडायची. इंजन धडधड करत सुरू व्हायचं. दोन-तीन हंगामांत त्या दांडीची पिन झिजली आणि दांडी वर टिकेना. दुकानदाराकडं बाबा तीनदा जाऊन आले. दर वेळी एकच उत्तर, ‘पंधरा दिवसांनी या.’ इकडं गहू निसवायला आलेला. गहू काही पंधरा दिवस थांबत नाही.

एका सकाळी बाबा आणि गडी, दोघांनी मिळून दाबावरच हँडल फिरवलं. चाकाला पुरता वेग नव्हता. पिस्टन वर पोचायच्या आतच डिझेल पेटलं आणि चाक उलटं फिरलं. हँडलनं बाबांचं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्यानंतर बाबांना त्या हातानं तिफणीचं रुमणं दाबून धरता आलं नाही. पेरणीला ते धुऱ्यावर उभे राहायचे आणि दुसऱ्याची तास वाकडी गेली की नुसते ओरडायचे. सगळ्या पंचक्रोशीत ज्यांची तास दोरी लावल्यासारखी सरळ, त्या माणसाची ही गत एका पिनीपायी झाली.

तेव्हापासून घरात कोणतंही यंत्र आलं की मी आधी त्याची हवा सोडायची सोय तपासतो.

बुलेट मी पुढं पुलगावच्या एका रिटायर फौजीकडून घेतली. आपल्या फौजेनं १९५४ साली या ८०० गाड्या मागवल्या होत्या, आणि १९५५ पासून त्या मद्रासला बनू लागल्या. म्हणून जुन्या फौजींना या गाडीची नस ठाऊक. त्यानं पैसे मोजून घ्यायच्या आधी मला किक मारायला शिकवलं. चावी लावायची. किक हळूहळू दाबत मीटरच्या काट्याकडं पाहायचं. काटा डावीकडून मधोमध आला की समजायचं, पिस्टन दाबाच्या वरच्या टोकाशी आला. आता डिकंप्रेशर ओढून किक थोडी पुढं न्यायची. मग दांडी सोडायची, किक पार वर येऊ द्यायची आणि अंगाचा भार टाकून एकच मारायची. ‘ताकद नको लावू, टायमिंग लाव,’ तो म्हणाला होता. हे टाळून अर्ध्या दाबावर जो किक मारतो, त्याचा पाय गाडी उलटा फेकते. घोटा मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता वालाची निगा. हा वाल बिघडतो तो बहुतेक दोन कारणांनी. पहिलं कारण केबल. ती ताणून बांधली तर वाल पुरता बसत नाही, केसभर उघडा राहतो. तेवढ्या फटीतून जळता गॅस जात राहिला की वालाचं बूड आणि त्याची बैठक दोन्ही करपतात. म्हणून दांडीला नेहमी थोडी ढील पाहिजे. हँडल डावीकडं आणि उजवीकडं पुरतं वळवून पाहावं, दोन्ही बाजूंना ढील राहिली तरच केबल बरोबर. दुसरं कारण काजळी. ती बैठकीवर बसली की वाल गळतो.

वर्षा-दोन वर्षांनी, पेरणीच्या आधी हात रिकामे असतात तेव्हा, मी तो वाल खोलतो. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो, सकाळी पितळी ब्रशनं घासतो. बैठकीवर डाग दिसले तर वाल घासायची पेस्ट राईएवढी लावून दोन बोटांत फिरवत घासतो. सगळीकडं सारखा राखाडी पट्टा उमटला की थांबायचं. पेस्ट पुसून, धुऊन, वाल बसवून वर रॉकेल ओतायचं. खाली थेंब उतरला नाही तर काम झालं. तांब्याची वायसर कडक झाली असेल तर ती चुलीत लाल करून पाण्यात टाकायची. लोखंड असं केल्यानं कडक होतं, तांबं मात्र मऊ होतं. गाडी पळत असताना ही दांडी ओढू नये, आणि इंजन बंद करायला रोज वापरू नये. डिझेल इंजन तर डिझेल तोडूनच बंद करावं.

तरीही किक हलकी लागली तर लगेच या वालाला दोष देऊ नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पाहावं. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर गळती वर कुठंतरी, मोठ्या वालांत, ग्यासकीटमध्ये नाही तर या लहान वालात.

एवढी उस्तवार नको म्हणून मिस्त्री बोल्ट मारतो. माझा थोरलाही मागे लागला होता, ‘बाबा, मारून टाका ना बोल्ट. नव्या गाड्याईले हे दांडी राह्यतच नाही.’ त्याचं खरं आहे. नव्या बुलेटमध्ये हे काम इंजन आतल्या आत आपोआप करतं, शिवाय बटण आहे. पण जुन्या गाडीची सोय बुजवली म्हणजे ती नवी होत नाही. मी त्याला म्हटलं, ‘तुह्या मांडीत जोर हाय, तुले नाही लागत. माह्यं गुडघं पाह्य.’ डॉक्टरांनी मला जिने सुद्धा कमी चढायला सांगितलं आहे. तरी मी एकटा धामणगावला जाऊन येतो, कोणाला ‘किक मारून दे रे’ म्हणावं लागत नाही. या वयात कोणाचं तोंड न पाहता घराबाहेर पडता येणं, हे मला त्या बोटाएवढ्या वालानं दिलं आहे. थोरला गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच यवतमाळहून नवी केबल आणली.

वावरातलं इंजन अजून आहे. वीज रात्री-बेरात्री येते, कधी येतच नाही, तेव्हा तेच कामी पडतं. आता नातू हँडल मारायला मागतो. त्याला मी आधी दांडी वर-खाली करायला लावतो, टिकते का पाहायला लावतो. मग हँडल कसं धरायचं ते दाखवतो. अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, तो चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. म्हणजे चाक उलटं आलं तर हँडल हातातून सुटून जातं, हात सोबत नेत नाही.