बाबांच्या कानाची रिंगटोन

एक काळ असा होता की माणसाची ओळख त्याच्या रिंगटोनवरून व्हायची. आठवतंय? २००५-०६ च्या सुमाराची बोरिवली फास्ट. हात खिशापर्यंत पोहोचत नाही इतकी गर्दी, आणि कोणाच्या तरी खिशात हिमेश रेशमिया सुरू झालेला. पलीकडे गायत्री मंत्र, दारात ढोल-ताशा. आणि ज्यांनी काहीच बदललं नाही त्यांची ती नोकिया ट्यून. ती वाजली की पाच जण एकदम आपापले खिसे चाचपायचे. (ही ट्यून मुळात फ्रान्सिस्को तारेगा नावाच्या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या रचनेतला तुकडा आहे. बिचाऱ्याला काय कल्पना!)

त्याच्याही आधी ३३१० होता. त्यात कंपोझर नावाची गंमत होती. आकडे दाबून आपली धून आपणच लिहायची. १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं करत ७ म्हणजे नी. ८ ने सूर आखूड, ९ ने लांब, चांदणीच्या बटणाने सप्तक बदलायचं. कोमल ग हवा असेल तर रे दाबून त्याला हॅशने अर्धी पायरी वर चढवायचं. पेटी न शिकलेल्या आमच्या पिढीचा रियाज हा असा झाला.

मग फोनवर खरी गाणी वाजायला लागली आणि आमच्यासारख्यांचे दिवस आले. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००० साली आलं होतं. त्यात एमपी३ उघडायची, पडद्यावर गाण्याचा आलेख दिसायचा, हवा तो तुकडा माउसने निवडायचा, बाकीचं उडवायचं. सेव्ह करताना मात्र लेम नावाची फाइल वेगळी शोधून आणावी लागायची, कारण एमपी३ वर पेटंट होती. (ती २०१७ पर्यंत संपली. आता सगळं आतच मिळतं.) १२८ केबीपीएसचा तीस सेकंदांचा तुकडा म्हणजे ४८० केबी. तो फोनमध्ये घालायला डेटा केबल, नाहीतर ब्लूटूथ, नाहीतर इन्फ्रारेड. इन्फ्रारेडमध्ये दोन फोन एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून टेबलावर ठेवायचे आणि कोणी धक्का देऊ नये म्हणून राखण करत बसायचं.

ऑफिसात मी या कामासाठी जरा प्रसिद्धच होतो. लोक पेनड्राइव्ह घेऊन यायचे. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली होती. कोणालाच आपल्याला आवडणारा तुकडा नको असायचा. सगळ्यांना हवा असायचा तो डब्यातल्या, कँटीनमधल्या, लिफ्टमधल्या दुसऱ्यांनी ऐकावा असा तुकडा.

पुढे हे सगळं बंदच पडलं. आता अख्ख्या डब्यात एक फोन वाजत नाही, सगळे व्हायब्रेटवर. माझी ही कला फ्लॉपीबरोबर इतिहासजमा झाली असं मी धरून चाललो होतो.

आणि मग बाबा.

बाबा मुलुंडला एकटेच राहतात. आईला जाऊन चार वर्षं झाली. मी अंधेरीला. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी त्यांना फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. असे सात. शेजारी गावाला गेलेले. आता अशा वेळी डोक्यात काय काय येतं ते ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांना सांगायला नको. अंधेरीहून मेट्रो, घाटकोपरला उतरून मुलुंडची स्लो. एरवी बरा वाटणारा हा प्रवास त्या दिवशी संपता संपेना. कुलूप माझ्याकडच्या किल्लीने उघडलं तर बाबा आरामखुर्चीत बसून शब्दकोडं सोडवतायत. फोन हातभर अंतरावर.

"अरे, तू? आज कसा काय?"

"बाबा, सात वेळा फोन केला!"

"वाजलाच नाही."

मी फोन बघितला. आवाज पूर्ण वर. सायलेंटवर नाही, काही नाही. कॉलची यादी उघडली तर महिन्याभरात त्रेचाळीस मिस्ड कॉल. पुण्याहून ताई, शाळेतले जुने सहकारी, डोंबिवलीचे काका, मी. मी वाचत होतो आणि बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलं, हल्ली कोणी फोनच करत नाही."

हे वाक्य त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. आई गेली, लोक काही दिवस चौकशी करतात, मग आपापल्या कामाला लागतात, चालायचंच. महिनोन् महिने माणूस असं समजून बसला होता, आणि फोन शेजारी इमानेइतबारे वाजत होता.

मुलुंडमध्येच एका ऑडिऑलॉजिस्टकडे चाचणी करून घेतली. (वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. तिचं कामच वाचा आणि श्रवण हे आहे. ज्यांना सोयीचं आहे त्यांनी लक्षात ठेवावं.) हेडफोन लावून बसवतात, बारीक शिट्टीसारखे सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत. शेवटी हातात एक आलेख मिळतो, ऑडिओग्राम. बाबांचा आलेख हजारपर्यंत बराच सपाट, दोन हजारला उतार, आणि चार हजारला थेट कडा. माळशेज घाटासारखा.

वयाबरोबर असंच होतं म्हणे. कानाच्या आत शंखासारखी जी नळी असते तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात. उंच सुरांच्या पेशी दाराशी, खालच्या सुरांच्या आत खोलवर. आधी निकामी होतात त्या सहसा दाराशी बसलेल्या. आणि गेलेल्या परत येत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसांना बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. अ, ओ ऐकू येतात, स, श, फ हरवतात. आपण ओरडतो, ते म्हणतात ओरडू नकोस. दोघंही बरोबर असतात.

श्रवणयंत्र घेतलं. तेच खरं औषध आहे, त्याला पर्याय नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण घरी एकटं असताना बाबा ते काढून डबीत ठेवतात. "भिंतींचं काय ऐकायचंय?" आणि फोन तर नेमका तेव्हाच येतो.

त्या रात्री मी बाबांच्या फोनची मूळ टोन ऑडॅसिटीत टाकून तिचा स्पेक्ट्रम काढला. मंजुळ, किणकिण करणारी, आधुनिक टोन. तिचा जवळजवळ सगळा जीव दोन ते चार हजारांच्या मध्ये. म्हणजे बरोबर बाबांच्या कड्याच्या खाली. दुसरीकडे, फोनचा स्पीकर नखाएवढा, त्याला खालचे सूर झेपत नाहीत. तबल्यातला डग्गा त्यातून बाहेरच पडत नाही. थोडक्यात, वर बाबांचा कान नाही आणि खाली फोनचा गळा नाही. मधे उरते एक चिंचोळी गल्ली, साधारण ६०० ते १८०० हर्ट्झची. या गल्लीतून जाईल असं काहीतरी शोधायचं होतं.

पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन मुलुंडला गेलो. बाबा बत्तीस वर्षं शाळेत शिक्षक होते, त्यामुळे परीक्षा रीतसर झाली. ते स्वयंपाकघरात, पंखा चालू, नळ चालू, श्रवणयंत्र डबीत. मी गॅलरीतून फोन करणार, ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा. प्रत्येक टोनला दहा संधी. मूळ टोनला दहापैकी दोन. त्यातही एकदा फोन थरथरत ओट्यावरून सरकला म्हणून दिसला.

मग माझे उमेदवार. पहिली, आकाशवाणीची ती सकाळची धून. तिचं श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. हिटलरच्या काळात युरोप सोडून १९३४ साली मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार. मागचा तानपुरा फोनमध्ये गायब होतो, पण व्हायोलिन स्वच्छ निघतं. दहापैकी आठ! मी खूश. बाबा म्हणाले, "ऐकू येतंय. पण रेडिओ लागला की माणूस उठतो का? बसतो."

दुसरी, आरती. "आरती अर्धी तोडून फोन घ्यायचा? नको."

तिसरं, त्यांचं अगदी आवडतं नाट्यगीत. त्याला ते मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत राहिले. "हे कसं थांबवणार मी?"

इतकी वर्षं लोकांच्या रिंगटोन कापून दिल्या, पण ही गोष्ट कोणी इतकी सरळ सांगितली नव्हती. रिंगटोन म्हणजे गाणं नव्हे, हाक आहे. हाक मारल्यावर माणूस उठला पाहिजे. आणि हाक मारणाऱ्याला काय आवडतं याला फारशी किंमत नाही, ज्याला हाक मारायची त्याचा कान कसा आहे हे महत्त्वाचं.

शेवटी बाबांनीच तोड काढली. "सनई लाव. सनई वाजली की माणूस अक्षता हातात घेऊन उभाच राहतो."

घरात बिस्मिल्ला खाँसाहेबांची जुनी सीडी होती. सुरुवातीचा संथ भाग सोडला आणि जिथे सनई एकदम वर झेप घेते तिथून बारा सेकंद कापले. हे महत्त्वाचं. टोन पहिल्या क्षणापासून वाजली पाहिजे, हळूहळू चढणारी सुरुवात म्हणजे दोन रिंगा फुकट. मग हाय-पास फिल्टर लावून ४०० च्या खालचं काढून टाकलं. ते स्पीकरमधून तसंही येत नाही, उगाच जागा अडवतं. गल्लीतला भाग इक्वलायझरने उचलला. कॉम्प्रेसर लावून हळू आणि मोठा आवाज एका पातळीवर आणला, आणि नॉर्मलाइझ. लॅपटॉपवर ऐकायला भयंकर वाटतं. डब्यात कोंडलेली सनई. पण स्वयंपाकघरात, नळ चालू, पंखा चालू, दहापैकी दहा.

बाबांना आता चव लागली होती. शेजारी बसून त्या आलेखाला ते "डोंगर" म्हणत होते. "या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत घे." मग म्हणाले, "प्रत्येकाची वेगळी नाही का होणार? गुडघे दुखतात रे. कोणाचा आहे ते उठायच्या आधी कळलेलं बरं." अँड्रॉइडवर होतं. फाइल रिंगटोन्सच्या फोल्डरमध्ये ठेवायची, मग कॉन्टॅक्ट उघडून त्या माणसाला ती टोन लावायची. ताईला सनई, मला ती आकाशवाणी ("तुझ्यासाठी बसून घेतलं तरी चालेल"), काकांना पेटीचा एक तुकडा, शाळेच्या मित्रांना क्लॅरिनेट. सगळं त्या गल्लीत बसणारं.

काम चालू असताना मी त्यांना मॉस्किटोची गोष्ट सांगितली. २००५ साली वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसाने एक यंत्र काढलं. सतरा हजार हर्ट्झच्या आसपासचा कर्कश आवाज, जो पोराटोरांनाच ऐकू येतो, मोठ्यांना नाही. दुकानासमोर टोळकी जमू नयेत म्हणून. लगेच पुढच्या वर्षी पोरांनी तोच आवाज रिंगटोन म्हणून फोनमध्ये घातला. वर्गात फोन वाजतोय, सगळ्या वर्गाला ऐकू येतोय, फक्त मास्तरांना नाही!

बाबा खूप हसले. "माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवली असती ही कार्टी." मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ती आधीची टोन काढून टाकू नकोस."

"ती तर तुम्हाला ऐकूच येत नाही."

"म्हणूनच. ओळखीचे नंबर सोडून बाकी सगळ्यांना तीच राहू दे. लोनवाले, प्लॉटवाले, क्रेडिट कार्डवाले. वाजू देत."

"आणि कुरिअरवाला?"

"तो दाराशी येतो. बेल वाजवतो." (बेल त्याच आठवड्यात बदलली. जुन्या धाटणीची, ठणठणीत, गल्लीत बसणारी.)

मी सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं घालवली, पण स्वतःच्या बहिरेपणाचा इतका सुरेख फिल्टर कोणी केलेला पाहिला नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर एक शनिवार काढा. त्यांच्या फोनचा आवाज वाढवून काही होत नसतं. आधी कानाची चाचणी, मग तो आलेख समोर ठेवून टोन. आणि निवडायला त्यांनाच बसवा. आपल्याला भिकार वाटेल, वाटू दे.

आकडा सांगायचा तर गेल्या महिन्यात बाबांचे मिस्ड कॉल चार, अनोळखी नंबर वगळून. आणि आता नवीनच अडचण आहे. संध्याकाळी सहा ते आठ मी फोन केला की एंगेज लागतो.