शेतात शिरण्याआधी

परीक्षा संपल्या की मे महिन्यात सगळ्यांनी भिलारला जायचे आणि शेतात उतरून आपल्या हाताने स्ट्रॉबेरी तोडायची, असे आम्ही घरी ठरवले होते. मार्केट यार्डात सहज चौकशी केली, तेव्हा बेत चुकल्याचे कळले. फळबाजारातला ओळखीचा गाळेवाला हसला, "सर, मेमध्ये रोपं दिसतील, फळं नाही." लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरची, तोडा नोव्हेंबर-डिसेंबरपासून, एप्रिलमध्ये हंगाम उतरू लागतो. म्हणून सुटीची वाट न पाहता ईदनंतरचा पहिला रविवार धरला. स्वारगेटहून एसटी, पसरणी घाट, पाचगणीत जोहरची नमाज, मग भिलार. २०१७ पासून ते पुस्तकांचे गावही आहे. मुलांना वाचायलाही मिळेल.

यार्डात मिळणाऱ्या फळासाठी एवढ्या लांब कशाला? आंबा अढीत पिकतो, स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. रोपावर पूर्ण लाल झालेली खायची तर रोपापाशीच जावे लागते.

दुसरे कारण अब्बा. बत्तीस वर्षे त्यांनी याच यार्डात हमाली केली. फळांच्या किती पेट्या वाहिल्या, हिशेब नाही. स्ट्रॉबेरी रोपाला लागलेली मात्र कधी पाहिली नाही. गुडघ्यांमुळे ते नको म्हणत होते. तेवढ्यात धाकटीने विचारले, "दादाजान, तोडता तोडता खाल्लं तर चालेल?"

"शेतात शिरण्याआधी मालकाला विचार. हो म्हणाला तर खा. न विचारता खाल्लेलं अल्लाहकडे तोललं जातं."

आम्हा भावंडांना लहानपण आठवले. उन्हाळ्यात अब्बांच्या कपड्यांना आंब्याचा वास यायचा, पिशवीत आंबा नसायचा. पेटी फुटून माल सांडला तरी आडत्याला विचारल्याशिवाय त्यांनी एक फळ उचलले नाही. तेव्हा आम्हाला त्यांचा राग यायचा. आज वर्गात 'अमानत' या शब्दाचा अर्थ सांगताना आम्हाला उदाहरण शोधावे लागत नाही.

"मालकाला विचारायला तुम्हीच चला," धाकटी म्हणाली. अब्बा तयार झाले. बांधावर त्यांच्यासाठी खुर्ची मागून घेऊ. त्यांना हवी तेवढी फळे ते तोडतील. भरलेली टोपली मात्र आम्ही उचलू.