युगांडाला निघालेल्या भाचीस

चि. बाळ,


रविवारी उपासनेनंतर मंडळीने तुझ्यासाठी प्रार्थना केली. एकामागून एक सगळ्यांनी हेच मागितलं, की तिथल्या अंधारात हिच्या हातून प्रकाश पडो. प्रार्थना मनापासूनच्या होत्या, पण मला 'अंधार' हा शब्द खुपला. चारचौघांत बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

युगांडात दहांतले आठ लोक ख्रिस्ती आहेत. पहिले मिशनरी तिथे १८७७ मध्ये पोचले. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच राजा म्वांगाने आपल्याच दरबारातली तरुण पोरं मारली, कित्येकांना नामुगोंगोला जिवंत जाळलं. त्यांनी विश्वास सोडला नाही. आजही दर ३ जूनला तिथे लाखो माणसं जमतात, काही तर कित्येक दिवस पायी चालत येतात. अशा मंडळीला आपण काय प्रकाश दाखवणार? तू बाळंतपणं करायला चालली आहेस. रात्री-अपरात्री आलेली बाई आणि तिचं लेकरू सुखरूप घरी जावं, एवढ्यासाठी देवाने तुला बोलावलंय. माझ्या लेखी हे पाचारण पुरेसं मोठं आहे.

शिवाय तुझ्याजवळ एक गोष्ट आहे, जी अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून जाणाऱ्याजवळ नसते. मिशनरी ज्यांच्या दारात आले, त्यांची आपण लेकरं. पाहुणा कसा वागला म्हणजे घरचा होतो आणि कसा वागला म्हणजे परकाच राहतो, हे आपल्या घराण्यांनी पाहिलंय. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, तेव्हा कंपनी सरकार त्याला परत धाडायला बसलं होतं. तो राहिला, मराठी शिकला, नव्या कराराच्या भाषांतरासाठी खपला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. सिंथिया फरार १८२७ मध्ये एकटी, बिनलग्नाची आली, मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये आपल्या नगरातच वारली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याकडे. ही माणसं आपल्याला आठवतात, कारण ती इथली झाली.

पण दुसरी बाजूही विसरू नकोस. ख्रिस्ती झालेल्या माणसाने चाली, पेहराव, रीतभात सगळं साहेबाचं घ्यावं, असं मानणारेही होतेच. नारायण वामन टिळकांना ते सोसवलं नाही. त्यांनी येशूला अभंगात आणि कीर्तनात आणलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. युगांडातल्या बायकाही उपासनेत आपल्या पद्धतीने ढोल वाजवतील, नाचतील. त्यांना आपल्या चाली शिकवायची घाई करू नकोस. आधी त्यांच्यात उभी राहून टाळ्या वाजव.

आणि तुझा चेहरा भारतीय आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावलं. घरं, दुकानं मागे टाकून माणसं गेली. तो अन्यायच होता. पण दुकानातला मालक भारतीय आणि हमाल तिथला, हे चित्रही त्याआधी कित्येक वर्षांचं. तू ज्यांच्याबरोबर काम करशील, त्यांच्या घरात या दोन्ही आठवणी असतील. वॉर्डात झाडूवालीला कोणत्या आवाजात हाक मारतेस, याकडे लोकांचं लक्ष राहील.

म्हणून कपड्यांच्या खरेदीआधी लुगांडाची शिकवणी लाव. त्या भाषेत स्वर लांबला-आखडला तरी अर्थ बदलतो, त्यामुळे पुस्तकावर भागणार नाही, बोलणाऱ्याकडूनच ऐकायला हवं. सगळ्यात आधी खाटेवरच्या बाईशी लागणारी वाक्यं पाठ कर: कुठे दुखतंय, कळा कधीपासून येताहेत, आता जोर कर, आता थांब, मुलगी झाली. नमस्कार-चमत्कार लांबलचक असतात, घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. वडीलधाऱ्यांपुढे बायका गुडघे टेकून बोलतात. हे बघून दचकू नकोस, आणि त्याची कीवही करू नकोस.

यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी, ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. ते पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेव, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर तुला वेगळं ठेवतील. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर. नर्सिंगची प्रमाणपत्रं साक्षांकित करायला वेळ लागतो, या आठवड्यातच हात घाल. मसाल्याचे डबे कमी ने. मटोके म्हणजे वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, वर शेंगदाण्याचं कालवण, हे तुला आवडेल असा माझा अंदाज आहे.

मंडळीकडून दरमहा जे अर्पण येईल, त्याचा हिशोब लिहून पाठवत जा. विधवांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या नोटा आहेत त्या.

तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. मी तिच्याकडे राहायला जाणार आहे, तेव्हा त्यासाठी तिकीट पुढे ढकलू नकोस.

तुझी,
आत्या