टरफलं

तो पिवळा कागद मी अजून जपून ठेवलाय. ए-फोर आकाराचा, वरच्या दोन कोपऱ्यांना सेलोटेपचे तुकडे, मधोमध कूलंटचा तेलकट डाग. वर अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगचा फोटो, खाली इंग्रजीत ‘कारण : तपासणीत निष्काळजीपणा’ आणि त्याखाली माझं नाव. आमच्या शॉपमध्ये याला क्वालिटी अलर्ट म्हणतात. माझ्या टेबलासमोरच्या बोर्डावर तो तीन महिने होता. रोज दोन वेळचा चहा मी त्याच्याकडे बघत प्यायलो.

चूक माझी नव्हती. बारा वर्षांत हे मी इतक्यांना सांगितलंय की मी सुरू झालो की बायको पाहुण्यांना चहा विचारायला उठते.

औसा तालुक्यातलं गाव, झेडपीची शाळा, लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग आमच्याकडची पोरं येतात तसा चाकणला. शाळेत मी बोलका होतो, हे मात्र सांगायला हवं. दर एक ऑगस्टला एका खुर्चीवर टिळकांचा आणि शेजारच्या खुर्चीवर अण्णाभाऊंचा फोटो. टिळक गेले आणि अण्णाभाऊ जन्मले तो दिवस एकच, १ ऑगस्ट १९२०. मी टिळकांवर बोलायचो. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली, गुरुजी म्हणतात उचला, आणि एक पोरगा ताठ उभा राहून नाही म्हणतो. तिथं मी हात वर करायचो, कारण सरांनी तिथं हात वर करायला सांगितलं होतं. चौथीत पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी.

तर २०१३चा मे महिना. हाऊसिंगच्या मधल्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, आकार २५ एच७ : २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. सगळा खेळ एकवीस मायक्रॉनचा. आम्ही जॉब मशीनवरून उतरला की लगेच बोअर गेजनं मोजायचो, तो चाळीस अंशांच्या आसपास गरम असायचा. गेज शून्य करायची पोलादी रिंग मात्र एसीच्या खोलीत. कस्टमर तोच जॉब वीस अंशांच्या स्टँडर्ड रूममध्ये मोजायचा. अॅल्युमिनियम तापलं की पसरतं; पंचवीस मिलिमीटरला वीस अंशांमागे साधारण अकरा-साडेअकरा मायक्रॉनचा फरक पडतो. अर्धी टॉलरन्स तिथंच खलास. आमच्याकडे बसणारा जॉब त्यांच्याकडे अंडरसाइज. एका लॉटमधले चाळीसेक परत आले.

हे मला कस्टमरबरोबरच्या मीटिंगच्या आदल्या रात्री कळलं होतं. परत आलेले दोन जॉब हाऊसकीपिंगच्या मावशींनी चहाच्या हॉटप्लेटशेजारी सरकवून ठेवले होते. मी सहज गो गेज, म्हणजे बोअरमध्ये गेलाच पाहिजे असा दांडा, लावला तर तो खाली घसरला. सकाळी थंड असताना तोच अडकत होता. मी तीनदा करून पाहिलं. एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूम. कस्टमरचे साहेब चेन्नईचे, मराठी येत नव्हतं. आमचे प्लँट हेड मराठीच, सदाशिव पेठेतले. टेबलावर बिस्किटांची बशी, तिला कोणी हात लावलेला नाही. प्रोजेक्टरचा पंखा घरघरतोय. साहेबांनी रूट कॉज विचारला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डोक्यात वाक्य तयार होतं : साहेब, जॉब गरम असताना मोजतोय आपण. सहा शब्द. त्याचं इंग्रजी करायला लागलो. ‘जॉब इज हॉट’ इथपर्यंत आलो आणि वाटलं, ‘हॉट’ला कोणीतरी हसणार. हे उगाच वाटलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये मी ‘पानी’ मागितलं, तर टेबलावरच्या एकानं ‘पाणी रे, पाणी, ण बाणाचा’ असं दोनदा म्हणून दाखवलं होतं. म्हणजे माझी वाचा गेली ती इंग्रजीमुळे नाही. मराठीतच आधी गेली होती. पुण्याची मंडळी हे कबूल करत नाहीत. त्यांना वाटतं, लातूर-नांदेडच्या पोरांना फक्त इंग्रजीची भीती असते.

तर मी गप्प. किती वेळ, माहीत नाही, दहा सेकंद असतील. दहा सेकंद मोजून बघा एकदा, फार असतात. माझ्या खिशात तो गो गेज होता. रात्रीचा तसाच राहिलेला. मी खिशात हात घालून तो दाबून धरला होता. बाहेर काढला असता आणि मावशींकडून गरम पाणी मागितलं असतं, तर एक शब्द बोलायची गरज नव्हती. हे मला पुढं कितीतरी रात्री सुचलं. तेव्हा सुचलं नाही. शेवटी प्लँट हेडनीच माझी सुटका केल्यासारखं विचारलं, “इन्स्पेक्शन मिस?”

मी म्हणालो, “येस सर.”

झालं. साहेबांनी लिहून घेतलं. व्हाय-व्हायच्या फॉर्मवर पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं. आमच्याकडे दुसऱ्या ‘का’लाच माणूस सापडतो आणि मग पुढचे तीन रकाने त्याच माणसाच्या नावानं भरतात. उपाय : तपासनीसाला पुन्हा प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणाच्या कागदावर मीच मला प्रशिक्षण दिल्याची सही केली, कारण तो गेज शिकवणारा शॉपमध्ये दुसरा कोणी नव्हता.

वर्षभरानं एक नवीन ट्रेनी इंजिनिअर आला. चांगला मुलगा, हे म्हणायलाच हवं. त्याला मीच चहा पिताना हॉटप्लेटची गोष्ट सांगितली. त्यानं तेरा स्लाइड्स केल्या, तापमानाचा आलेख काढला, ‘थर्मल एक्स्पान्शन’ म्हणाला. कोणी हसलं नाही. उत्कृष्ट काइझेन म्हणून त्याला पाच लिटरचा कुकर मिळाला. आजही शॉपमध्ये जॉब अर्धा तास थंड करून मगच मोजतात. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्यापुढे शेरा आला, ‘टेक्निकल चांगला, कम्युनिकेशन सुधारावे.’ ऐकणाऱ्याच्या कम्युनिकेशनला त्या फॉर्मवर रकाना नसतो.

मग बोलायचा क्लास लावला. त्यातलं आरशासमोर बोलणं, खांदे मागं, हे मी सोडून देतो. एक गोष्ट सोडवत नाही. तिथल्या सरांनी फळ्यावर लिहिलं : शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. म्हणाले, हे विज्ञान आहे. मी खूप नंतर वाचलं की हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले. ते प्रयोग भावनांबद्दल होते : शब्द एक आणि स्वर किंवा चेहरा दुसराच सांगत असेल तर माणूस कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या बोलण्याला हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय. पण क्लासमध्ये मला एवढंच वाटत होतं की २५.०२१ हे देहबोलीनं कसं सांगायचं ते एकदा दाखवा. विचारलं नाही, अर्थात. फी भरलेली होती तरी.

२०१७मध्ये एका मित्रानं टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबच्या बैठकीला ओढत नेलं. हे प्रकरण अमेरिकेतलं. राल्फ स्मेडली यांनी १९२४मध्ये कॅलिफोर्नियात सांता अॅनाला पहिला क्लब काढला. तिथं एक माणूस फक्त तुमचे ‘अं’ मोजायला बसतो. पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. पहिल्या भाषणात माझे ‘अं’ सव्वीस. मला बरं वाटलं. चाळीसची तयारी होती.

तिसऱ्या की चौथ्या भाषणाला मी दोन हाऊसिंग घेऊन गेलो. एक थर्मासमधल्या गरम पाण्यातलं, एक बर्फाच्या डब्यातलं. सोबत गो गेज. गरममध्ये गेज सुळकन गेला. थंडात तोंडाशीच अडकला. बँकेतल्या एक बाई पुढं येऊन स्वतः लावून बघू लागल्या, त्यांच्या साडीवर पाणी सांडलं. मी ‘पानी’च म्हणालो बहुतेक. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. लाल दिवा लागून गेला होता. हात कामात गुंतले की माझा आवाज कापत नाही, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं. आत्मविश्वास वाढला म्हणतात तसं काही झालेलं नाही. हात रिकामे असले की मी आजही गप्प होतो. म्हणून मीटिंगला जाताना जॉब हातात घेऊनच जातो, गरज असो-नसो. चाकणला येणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगतो : क्लासला पैसे घालू नका, वस्तू घेऊन जा.

हे सगळं मी फार वर्षं इंग्रजीच्या आणि पुण्याच्या माथी मारलं. पण खरं सांगायचं तर प्लँट हेडच्या केबिनला दार होतं, ते बहुतेक उघडंच असायचं, आणि आत मराठीच चालायचं. त्या तीन महिन्यांत कुठल्याही संध्याकाळी जाऊन मी ते सहा शब्द बोलू शकलो असतो. मी गेलो नाही. का नाही, याच्या व्हाय-व्हायला मी दुसऱ्या ‘का’पाशीच थांबतो.

यंदा एक ऑगस्टसाठी मुलीला भाषण हवं होतं. पाठांतराची भाषणं पोरांची वाट लावतात, असं मी चारचौघांत ठासून सांगत असतो. तरी रात्री बसून मी तिला टरफलांचंच लिहून दिलं आणि हात कुठं वर करायचा तेही सांगितलं. ती आईच्या ओढणीवर उभी राहून म्हणत होती, मी सोफ्यावर बोटांवर ‘अं’ मोजत होतो. पाच झाले होते. टरफलांपाशी आली आणि हात वर करायचा सोडून मधेच थांबली.

“पप्पा, मग उचलली कोणी?”

“काय?”

“टरफलं. त्यांनी नाही उचलली, मग कोणी उचलली?”

मी म्हटलं, असेल कोणीतरी वर्गातलं. तू पुढं म्हण. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आदरणीय व्यासपीठ, आणि माझी मोजणी चुकली ती चुकलीच.